जीएलआरमधल्या अॅडिशनचं प्रोफाइल ऑप्टिमाइझ करायला फुकटातलं काही आहे का?

ब्राइनलाइन | सोम, २१:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चूकभूल द्याघ्या.

कोकणातल्या एका एमआयडीसीत स्पेशालिटी केमिकलच्या प्लांटवर प्रोसेसला आहे. ५ केएलचा (५ हजार लिटरचा) ग्लास लाइन्ड रिअॅक्टर, म्हणजे जीएलआर, त्यात 'ए' आणि सॉल्व्हंट आधी चार्ज करायचं, ६५ डिग्रीला आणायचं आणि मग 'बी' वरून ८ तासात एकसारख्या रेटने सोडायचं. ए आणि बी काय आहेत ते विचारू नका, नोकरी आहे. रिअॅक्शन एक्झोथर्मिक, म्हणजे उष्णता सोडणारी आहे एवढं सांगतो. तर हे ८ तास कुठून आले हे प्लांटवर कुणालाच माहीत नाही, बॅच शीटवर ८ छापलंय म्हणून ८, ज्याने छापलं तो रिटायर होऊन गावी आंब्याची कलमं लावतोय. आणि नेमका हाच रिअॅक्टर आमचा बॉटलनेक, याच्यापुढचे सगळे वाट बघत बसतात.

मी ओपनमॉडेलिका या फुकटच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये रिअॅक्टरचं मॉडेल बनवलंय (पवईच्या आयआयटीच्या फॉसी या ओपन सोर्सचा प्रसार करणाऱ्या प्रोजेक्टमुळे शिकलो, कॉलेजात असताना त्यांच्यासाठी पुस्तकातली उदाहरणं सोडवून दिली होती). सिम्युलेशन मस्त चालतं, जुन्या बॅचेसच्या टेंपरेचर ट्रेंडशी बऱ्यापैकी जुळतं. पण आता मला हाताने रेट बदलून बदलून बघायचं नाहीये, सॉफ्टवेअरनेच सांगावं की बी कोणत्या वेळी किती सोडला तर सगळ्यात कमी वेळात काम होईल. विकतच्या एका टूलचं कोटेशन आणलं होतं, ते बघून साहेबांनी हातातला चहा खाली ठेवला. तर ओपन सोर्समध्ये काय वापरता ते सांगा.

मठ्ठबाळ | सोम, २१:५२

पहिला! धागा डोक्यावरून गेला पण वाखुसा (वाचनखूण साठवली).

खडूफळा | सोम, २२:१५

एक्सेलचा सॉल्व्हर का नको? अॅडिशनचे ८ तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचा रेट हा एक व्हेरिएबल, शीटमध्ये ऑयलरच्या पद्धतीने (छोट्या छोट्या वेळेच्या पावलांनी) इंटिग्रेट करा, आणि सॉल्व्हरला म्हणा शेवटचं कन्व्हर्जन जास्तीत जास्त कर. मी डिप्लोमाच्या पोरांना हेच शिकवतो. प्रत्येक गोष्टीला तोफ कशाला.

ब्राइनलाइन | सोम, २२:३१

सर, केलं होतं हे. ८ तुकड्यांना चाललं, २० केले की कुठल्या सेलपासून सुरू करतो त्याप्रमाणे दर वेळी वेगळं उत्तर. आणि टेंपरेचरची मर्यादा मधल्या प्रत्येक मिनिटाला पाळायची आहे, नुसती शेवटी नाही, ते घातलं की सॉल्व्हर एका जागी बसूनच राहतो.

उत्तरध्रुव | मंगळ, ०१:२०

इकडे स्वीडनमध्ये आत्ता रात्रीचे पावणेदहा झालेत आणि उन्हाळा असल्याने बाहेर लख्ख उजेड आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

तुमचा प्रॉब्लेम इथल्या लुंड विद्यापीठाच्या अंगणातला आहे. १९७८ साली हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनी तिथे पीएचडी करताना डायमोला नावाची भाषा काढली, ज्यात ब्लॉक आणि बाण न काढता सरळ समीकरणंच लिहायची, डावीकडे काय उजवीकडे काय ते कंप्युटर बघून घेईल. त्याच विचारातून १९९६ मध्ये मॉडेलिकाचं काम सुरू झालं आणि १९९७ मध्ये पहिलं स्पेसिफिकेशन आलं. पण मॉडेलिका ही मुळात सिम्युलेशनची भाषा. "हे कमीत कमी कर, ही मर्यादा पाळ" हे म्हणायला तिच्यात शब्दच नव्हते. ते शब्द लुंडच्याच योहान ओकेसन यांनी ऑप्टिमिका नावाने जोडले आणि त्यावर जेमॉडेलिका डॉट ऑर्ग हे ओपन सोर्स पॅकेज उभं राहिलं. मी मास्टर्स करत होतो तेव्हा अर्धी लॅब त्याच्यावर चालायची. मॉडेल एका फायलीत, ऑप्टिमायझेशनचा प्रश्न दुसऱ्या फायलीत, चार ओळी लिहिल्या की झालं. इतकं देखणं काम मी नंतर फार कमी पाहिलं.

पण २०१९ च्या शेवटी त्याचं ओपन सोर्स रिलीज बंद झालं. त्यातले पायएफएमआय आणि असिम्युलो हे तुकडे ओपन राहिले, पण ते सिम्युलेशनचे. जुना कोड नेटवर कुठे कुठे मिळेल, तो पायथॉन २ वाला आहे, त्याच्या नादी लागू नका, माझी एक अख्खी ख्रिसमसची सुट्टी त्यात गेलीय आणि हाती आला तो डिपेंडन्सीचा गुंता.

तर तुम्हाला दोन वाटा. एक म्हणजे तुमचं ओपनमॉडेलिकाच: इथल्याच लिंक्योपिंग विद्यापीठाचं, पेटर फ्रिट्झसन यांच्या गटाने वाढवलेलं. त्यात डायनॅमिक ऑप्टिमायझेशन आतच आहे, बहुतेकांना माहीत नसतं. मॉडेलमध्ये ज्या व्हेरिएबलला शेवटी लहान करायचंय त्याला इजमेयर असं अॅनोटेशन द्यायचं, मर्यादेला इजकन्स्ट्रेंट, आणि सिम्युलेशनचा सॉल्व्हर म्हणून ऑप्टिमायझेशन निवडायचं. दुसरी वाट म्हणजे मॉडेल पायथॉनमध्ये नव्याने लिहून कॅसाडी. तुमचं मॉडेल चार-पाच समीकरणांचं असेल तर मी म्हणेन दुसरी.

पायपंत | मंगळ, ०९:०५

उध्रु यांना +१. कॅसाडीच.

थोडं स्पष्टीकरण, कारण नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. कॅसाडी हा ऑप्टिमायझर नाही. बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठात योएल अँडरसन आणि योरिस खिलिस यांनी मोरिट्झ डील यांच्या गटात असताना केलेलं हे टूल तुम्ही लिहिलेल्या समीकरणांचे डेरिव्हेटिव्ह काढून देतं, अचूक, आकडे हलवून अंदाजे काढलेले नाहीत. एक्सेल तेच अंदाजे काढतं म्हणून २० तुकड्यांना लडबडतं. प्रत्यक्ष उत्तर शोधायचं काम करतो आयपॉप्ट. तो वेख्टर आणि बीगलर यांचा, त्यातले बीगलर कार्नेगी मेलनचे केमिकलवालेच, त्यामुळे आपल्या रिअॅक्टरांशी त्याचं जन्मापासून नातं आहे. दोन्ही फुकट, कॅसाडी इन्स्टॉल केलं की आयपॉप्ट सोबतच येतो.

आता पद्धत. खडूफळा सर सांगतायत ती शूटिंग: रेट ठरवा, पूर्ण बॅच चालवून बघा, चुकलं तर रेट बदला, परत चालवा. कॅसाडीत वापरायची ती दुसरी पद्धत, कोलोकेशन. तिच्यात बॅच "चालवत" नाहीत. ८ तासांचे समजा ४० तुकडे केले, प्रत्येक तुकड्यात ३ बिंदू. प्रत्येक बिंदूवरचं टेंपरेचर, ए चे मोल, बी चे मोल हे सगळेच अज्ञात मानायचे आणि रिअॅक्टरची समीकरणं ही त्यांच्यावरची बंधनं म्हणून घालायची. मग सॉल्व्हर रेट आणि टेंपरेचर दोन्ही एकाच वेळी हलवतो, मधल्या काळात मॉडेलशी न जुळणारी उत्तरंही धरतो आणि शेवटी सगळं जुळवून आणतो. व्हेरिएबल शेकड्यांनी होतात हे खरं, पण प्रत्येक समीकरणाचा संबंध शेजारच्या बिंदूंशीच, त्यामुळे मॅट्रिक्स जवळपास रिकामी असते आणि लॅपटॉपवर दोन-तीन सेकंदांत उत्तर. आणि "प्रत्येक मिनिटाला मर्यादा पाळ" हे इथे फुकटात मिळतं कारण टेंपरेचर स्वतःच व्हेरिएबल आहे, त्याला वरची हद्द लावली की झालं.

बॅचचा वेळच कमी करायचाय म्हणजे शेवटची वेळ मोकळी. त्याला घड्याळ ० ते १ करायचं आणि एकूण तास हे एक जास्तीचं व्हेरिएबल म्हणून सगळ्या समीकरणांना गुणायचं. जुनी युक्ती आहे, चालते.

मठ्ठबाळ | मंगळ, ०९:३०

म्हणजे लग्नाचा हॉल, केटरर, बँड आणि मुहूर्त सगळं एकदमच ठरवायचं, एकेक करून नाही. शेवटी सगळं एका तारखेला जुळलं म्हणजे झालं. बरोबर का?

पायपंत | मंगळ, ०९:३४

आयला, हे मी पुढच्या ट्रेनिंगला ढापणार :)

चाकणचा | मंगळ, ११:४८

पायोमो या पायथॉनमधल्याच दुसऱ्या टूलचं कुणी नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. सँडिया लॅबचं, त्यात डीएई नावाचा भाग आहे, कोलोकेशन तो स्वतः करून देतो, तुम्ही फक्त समीकरण लिहायचं. कॅसाडीपेक्षा वाचायला सोपं. आणि गेक्को पण आहे, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचं, नवशिक्याला सगळ्यात सोपं तेच. पण एक इशारा: गेक्को डिफॉल्टला तुमचं मॉडेल त्यांच्या सर्व्हरवर पाठवून सोडवून आणतं. रिमोट इक्वल टू फॉल्स लिहिलंत तर लोकल चालतं. तुमच्या ए आणि बी चं कायनेटिक्स (रिअॅक्शनच्या वेगाचे आकडे) परदेशी सर्व्हरवर गेलं तर साहेब दुसरा चहापण खाली ठेवतील.

आमच्याकडे गाड्यांच्या कामात मॉडेल एफएमयू म्हणून एक्सपोर्ट करतात, एका टूलमधून काढून दुसऱ्यात चालवायला बरं पडतं, पण एफएमयू म्हणजे बंद डबा, आतली समीकरणं ऑप्टिमायझरला दिसत नाहीत, म्हणून या कामाला मी ती वाट सुचवणार नाही.

ब्राइनलाइन | गुरु, २३:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅसाडी घेतलं. दोन रात्री बसलो. आता आयपॉप्ट खाली काय छापतोय बघा: "कन्व्हर्ज्ड टू अ पॉइंट ऑफ लोकल इन्फीझिबिलिटी. प्रॉब्लेम मे बी इन्फीझिबल." अहो हेच मॉडेल सिम्युलेशनला चालतं, प्लांटवर रोज बॅच निघते, मग इन्फीझिबल कसं? बायको म्हणाली झोपा आता.

पायपंत | गुरु, २३:२५

वहिनींचं ऐका. पण आधी तीन गोष्टी सांगा. इनिशियल गेस काय दिलाय? मोल कुठल्या युनिटमध्ये? आणि मॉडेलमध्ये इफ-एल्स आहे का?

ब्राइनलाइन | गुरु, २३:४१

गेस काहीच नाही, म्हणजे सगळं शून्य असणार. मोल मोलमध्येच, ए साधारण ३३००, बी एकूण ३०००. टेंपरेचर केल्विनमध्ये. इफ-एल्स आहे: टेंपरेचर ६६ च्या वर गेलं की जॅकेटचा व्हॉल्व्ह उघडतो, ६४ च्या खाली बंद. प्लांटवर तसंच आहे ना.

पायपंत | शुक्र, ००:१५

सापडलं. तिन्ही सापडले.

टेंपरेचरचा गेस शून्य केल्विन, आणि अर्‍हेनियसमध्ये, म्हणजे तापमानावरून रिअॅक्शनचा वेग काढायच्या सूत्रात, तुम्ही टेंपरेचरने भागताय. बिचारा पहिल्याच पायरीला अॅबसोल्यूट झिरोवर उभा. तुमच्या ओपनमॉडेलिकाच्या सिम्युलेशनचा ८ तासांचा निकाल आहेच, तोच गेस म्हणून द्या. फुकट आहे, आणि मॉडेलशी जुळणारा आहे.

युनिट: एक व्हेरिएबल ३००० च्या घरात, एक ०.०१ च्या घरात, असं असलं की सॉल्व्हरला कुठली चूक मोठी कुठली लहान तेच कळत नाही. किलोमोल करा, टेंपरेचर ३३८ पासूनचा फरक म्हणून घ्या, सगळं साधारण एकच्या आसपास आलं पाहिजे.

आणि इफ-एल्स हा खरा चोर. सिम्युलेटर व्हॉल्व्ह उघडला तिथे थांबतो, परत सुरू करतो, त्याला फरक पडत नाही. इथे डेरिव्हेटिव्ह लागतात आणि पायरीला डेरिव्हेटिव्ह नसतो, सॉल्व्हर काठावर येऊन अलीकडे पलीकडे उड्या मारत बसतो. व्हॉल्व्ह काढा, जॅकेटचं कूलिंग ० ते जास्तीत जास्त यांच्यामधलं मोकळं इनपुट म्हणून द्या. कुठे लुकअप टेबल असेल तर तेही काढा, स्प्लाइन, म्हणजे गुळगुळीत वक्र, बसवा.

उत्तरध्रुव | शुक्र, ००:५०

याच कारणासाठी मी दुसरी वाट सुचवली. सिम्युलेशनसाठी चांगलं मॉडेल आणि ऑप्टिमायझेशनसाठी चांगलं मॉडेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यात जितकं जास्त खरं तितकं बरं, दुसऱ्यात जितकं साधं आणि गुळगुळीत तितकं बरं. लोक वर्षभर खपून केलेलं भलंमोठं मॉडेल जसंच्या तसं ऑप्टिमायझरपुढे नेऊन ठेवतात आणि मग टूलला शिव्या घालतात.

खडूफळा | शुक्र, ०७:३०

हे मान्य. एक्सेलवाला शब्द मागे घेतो. पण ऑयलर मागे घेत नाही, पोरांना एकदा तरी हाताने करू द्या.

ब्राइनलाइन | शनि, १६:०५

चाललं!!! ३८ इटरेशन, "ऑप्टिमल सोल्यूशन फाउंड". आनंदाने खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. मग उत्तर बघितलं. ऑप्टिमायझर म्हणतो पंप फुल्ल सोडा, तासाला दीड किलोमोल, दोन तासात सगळा बी आत, आणि मग जॅकेट पूर्ण उघडून ६५ धरून ठेवा. तापमानाची मर्यादा कुठेच मोडत नाही. ८ तासांचं काम २ तासात. हे खरं असू शकतं का? सोमवारी साहेबांना दाखवू का?

मठ्ठबाळ | शनि, १६:११

दाखवा, प्रमोशन पक्कं. नाहीतर पंचनामा.

पायपंत | शनि, १६:२०

थांबा थांबा. कुणाला दाखवू नका अजून.

गाळणी | शनि, १८:४५

बरीच वर्षं प्रोसेस सेफ्टीत आहे, हा धागा वाचून चहा सोडून उठले.

ब्राइनलाइन, ऑप्टिमायझर चुकला नाहीये. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं त्याने अगदी बरोबर उत्तर दिलंय. तुम्ही विचारलंत की कूलिंग चालू असताना ६५ राहील का. मी विचारते, दीड तास झाल्यावर लाइट गेली आणि ब्राइनचा (जॅकेटमधल्या थंड खाऱ्या पाण्याचा) पंप बंद पडला तर? तुमच्या मॉडेलमध्ये लाइट कधीच जात नाही.

हिशोब करू. रिअॅक्शनची हीट किती धरलीय, मास किती, सीपी (एक किलो एक डिग्रीने तापवायला लागणारी उष्णता) किती, आणि या उत्तरात न रिअॅक्ट झालेला बी जास्तीत जास्त किती साठतो ते सांगा.

ब्राइनलाइन | शनि, १९:०२

ताई, हीट १२० किलोज्यूल प्रति मोल. मास ३००० किलो, सीपी २. साठलेला बी दोन तासांच्या शेवटी साधारण १.४ किलोमोल.

गाळणी | शनि, १९:२०

३००० किलो गुणिले २, म्हणजे एक डिग्री वाढायला ६००० किलोज्यूल. १ किलोमोल बी साठलेला असेल आणि कूलिंग गेलं तर तो आतल्या आत रिअॅक्ट होऊन १,२०,००० किलोज्यूल सोडणार, म्हणजे २० डिग्री. १.४ ला २८ डिग्री. ६५ अधिक २८, ९३. हे एमटीएसआर, कूलिंग गेल्यावर नुसत्या तुमच्याच रिअॅक्शनने गाठलेलं जास्तीत जास्त तापमान. आता तुमचं मास किती तापमानाला डिकंपोज व्हायला लागतं? सॉल्व्हंट कितीला उकळतं? प्लांटची हद्द किती लिहिलीय?

ब्राइनलाइन | शनि, १९:२६

हॅझॉपमध्ये, म्हणजे धोक्यांच्या अभ्यासाच्या कागदात, ८० लिहिलंय. ... समजलं.

गाळणी | शनि, १९:४०

मग ती हद्द मॉडेलमध्ये घाला. प्रत्येक क्षणी: आत्ताचं तापमान अधिक साठलेल्या बी ची हीट भागिले (मास गुणिले सीपी), हे ८० च्या खाली. पायपंत म्हणाले तसं तुमच्या पद्धतीत प्रत्येक बिंदूला मर्यादा फुकटात लागते, तर ही पण लावा. स्विस लोकांनी सेमी-बॅचच्या ऑप्टिमायझेशनमध्ये हे बंधन फार आधीपासून वापरलंय, नवीन काही सांगत नाहीये.

आणि तेच बंधन तुमच्या आत्ताच्या ८ तासांच्या एसओपीवर (लिखित कार्यपद्धतीवर) पण चालवून बघा. गंमत दिसेल.

ब्राइनलाइन | रवि, १३:३०

ताई, गंमत दिसली. रात्रभर झोप नाही.

८ तासांच्या एकसारख्या अॅडिशनमध्ये सुरुवातीला बी जवळजवळ साठतच नाही, कारण ए भरपूर असतो, आत पडला की खाल्ला. पण शेवटी ए संपत आलेला असतो आणि आपण बी तेवढ्याच जोरात ओततोय, म्हणून साठतो, साधारण ०.६५ किलोमोलपर्यंत. म्हणजे १३ डिग्री, एमटीएसआर ७८. म्हणजे आमच्या बॅचचा सगळ्यात धोक्याचा काळ हा शेवटचा, जेव्हा शिफ्टवरची पोरं "आता काय, संपलंच" म्हणून निवांत असतात!

मग मी मर्यादा ७८ वरच ठेवली, आजच्या वाईटात वाईटापेक्षा एक डिग्रीही जास्त नको म्हणून, आणि ऑप्टिमायझरला विचारलं. उत्तर: ५ तास. सुरुवातीला पाऊण तासाच्या आत फुल्ल पंप, ०.६५ साठेपर्यंत. तिथून पुढे जेवढा खाल्ला जातो तेवढाच घालायचा, साठा तेवढाच धरून. तासाला पाऊण किलोमोलच्या थोडं वरून सुरू होऊन शेवटी पाव किलोमोलवर. शेवटी शिल्लक पण जवळपास तेवढीच, त्यामुळे नंतरचा होल्ड टाइम बदलत नाही. तोच धोका, ३ तास कमी.

अजून एक. काल सेकंड शिफ्टला हा कर्व्ह आमच्या एका जुन्या ऑपरेटर मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, म्हणाले "हे काय नवीन काढलंस? सुरवातीला ते घेतं, मागून घेत नाय. आम्ही पयले असंच सोडायचो, मग कागद आला आठ तासाचा." म्हणजे माणसाने जॅकेटच्या रिटर्न लाइनला हात लावून लावून जे ओळखलं होतं ते मी ४० तुकडे आणि ३ बिंदू करून काढलं.

मठ्ठबाळ | रवि, १३:३८

मामांना कॅसाडीच्या डेव्हलपर लिस्टमध्ये घ्या.

उत्तरध्रुव | रवि, १४:१५

सुंदर. साठा मर्यादेला चिकटून चालतो हे बघून बरं वाटलं, अशा प्रश्नांत उत्तर बहुतेक वेळा असंच येतं: आधी इनपुट हद्दीला, मग एखादी मर्यादा हद्दीला. एकदा आकार कळला की खरं तर ऑप्टिमायझरची गरज संपते, डीसीएसमध्ये (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल सिस्टिममध्ये) साधा रॅम्प लिहूनही बरंचसं मिळतं.

खडूफळा | रवि, १७:००

एक शंका. हे सगळं रेट कॉन्स्टंटवर उभं आहे. तो कुठून आणला?

ब्राइनलाइन | रवि, १७:२२

सर, जुन्या बॅचेसच्या जॅकेट टेंपरेचरवरून फिट केला. साधारण १.३ लिटर प्रति मोल तास, ६५ ला.

गाळणी | रवि, १८:०५

इथे मात्र मी पाय घट्ट रोवून उभी राहणार. जॅकेटच्या टेंपरेचरवरून रेट कॉन्स्टंट आणि यूए (यू म्हणजे जॅकेटमधून उष्णता किती सहज जाते तो आकडा, ए म्हणजे क्षेत्रफळ) दोन्ही एकत्र फिट केले असतील तर एकाची चूक दुसऱ्यात लपते. जॅकेटमध्ये क्षार बसून यू कमी झालेला असेल तर फिट करताना त्याचा दोष कायनेटिक्सवर जाऊ शकतो. आणि तुमच्या सगळ्या बॅचेस एकाच रेटने चाललेल्या, म्हणजे डेटामध्ये वैविध्यच नाही. रिअॅक्शन कॅलरीमीटरमध्ये एक रन करून घ्या, हीट फ्लो सरळ मिळतो, साठा किती तेही दिसतं. बाहेरून करून घ्यायला पैसे पडतील, पण ३ तास वाचतायत म्हटल्यावर साहेब ऐकतील.

पायपंत | रवि, १८:३०

ताईंना +१००. आणि तोवर एक करा: रेट कॉन्स्टंट ३० टक्के कमी धरून हाच ५ तासांचा कर्व्ह नुसता सिम्युलेट करा, ऑप्टिमाइझ नाही. ऑप्टिमायझर मर्यादेला नाक लावून उभा असतो, मॉडेल जरा इकडेतिकडे झालं की पहिला पलीकडे तोच पडतो.

ब्राइनलाइन | रवि, २०:१०

केलं. रेट ३० टक्के कमी असेल तर साठा ०.६५ चा ०.९ होतो, एमटीएसआर ८३. हद्दीच्या बाहेर.

मग उलटं केलं. कमी रेटसाठीच ऑप्टिमाइझ केलं, म्हणजे वाईटात वाईट केसला ८० च्या आत बसेल असं. आता साधारण ६ तास येतात. ५ नाही, पण ८ पण नाही.

गाळणी | रवि, २०:२५

हे सहा मला पाचापेक्षा जास्त आवडले.

चाकणचा | सोम, १०:४०

मस्त धागा चाललाय. तुम्ही शेवटी सतत उतरता रेट म्हणताय, तो सोडणार कशाने? डोझिंग पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) आहे का?

ब्राइनलाइन | सोम, १३:१५

कुठला व्हीएफडी. रोटामीटर (प्रवाह दाखवणारी काचेची नळी) आणि हाताचा व्हॉल्व्ह :( रोटामीटरचा खालचा आकडा पाव किलोमोलच्या आसपासच येतो, त्याखाली आतला फ्लोट नाचतो.

तर आता प्लॅन असा: कर्व्हच्या सहा पायऱ्या करून बॅच शीटवर छापायचं, तासाला एक आकडा, पुढच्या पायरीच्या आधी शिफ्टने टेंपरेचर आणि जॅकेटचा फरक लिहायचा, फरक ठरल्यापेक्षा कमी असेल तर, म्हणजे रिअॅक्शन मागे पडतेय, अॅडिशन बंद. कॅलरीमीटरच्या रनची मंजुरी आजच मिळाली. तो झाल्याशिवाय आणि चेंजचा फॉर्म सेफ्टीने सही केल्याशिवाय प्लांटवर काहीही बदलणार नाही, आधी नुसत्या पाण्यावर पायऱ्यांची रंगीत तालीम.

पायऱ्या ठरवताना ऑप्टिमायझरलाच सांगितलं की रेट साधारण तासभर स्थिर ठेव, सहाच आकडे दे. सव्वासहा तास आले. पायपंत, एकच विचारायचं होतं: पायऱ्यांचे आकडे रोटामीटरच्या खुणांवरच हवेत, म्हणजे पूर्ण आकडे, ते आयपॉप्टला सांगता येतं का?

पायपंत | सोम, १३:४०

नाही, आयपॉप्टला पूर्णांक कळत नाहीत. बॉनमिन नावाचा सॉल्व्हर आहे, तोही ओपन सोर्स, कॅसाडीतून बोलावता येतो. पण सहा आकड्यांसाठी कशाला? प्रत्येक आकडा खालच्या खुणेवर आणा, सिम्युलेट करा, साठा बघा. शेवटी जो बी उरेल तो जास्तीच्या पायरीत.

खडूफळा | सोम, १३:५५

आणि ते एक्सेलमध्ये करा :)

ब्राइनलाइन | सोम, १४:०२

सर जिंकले. शीट उघडतोय.